मालकाचं नाव

दाजी पेठेतल्या कारखान्यात, मागाखाली सापडली,
रिकाम्या कांड्यांच्या खोक्यात, सुताच्या गुंत्यात.
म्हणून कांडी.
नवऱ्याने डब्याच्या पिशवीतून आणली
आणि माझ्या सुपाशेजारी ठेवली.
भिजवलेल्या पानांच्या गारव्याला
दुपारभर झोपली.

पहिल्या खेपेला सहा.
मी हौशीने बाजरी-गूळ शिजवून घातलं,
बाळंतिणीला घालतात तसं.
एक टँकरखाली गेलं.
दोन मे महिन्यात, पत्र्याखाली, एकाच दुपारी.
सकाळी ती त्यांना चाटत होती.
संध्याकाळीही चाटत होती.

उरलेली खोक्यात घालून
व्यंकटेश दारोदार फिरला,
‘पिल्लू पाहिजे का, पिल्लू?’
नर गेला एक, लगेच.
माद्या खोक्यातच परत आल्या.

दुसऱ्या खेपेला आठ.
तिसऱ्या खेपेला मी मोजलीच नाहीत.
दिवसाला हजार विड्या वळते मी,
पंचवीसचा कट्टा बोटांना न बघता कळतो,
पण ती मोजली नाहीत.
कारखान्यात चेकर छाट काढतो,
बोटाने बाजूला सारतो, बोलत बोलत.
आमच्या बोळात ते काम
ऊन करायचं, ट्रक करायचे,
कधी कुणी पोतं घेऊन तलावाकडे जायचं
आणि पोतं झटकून परत यायचं.

अत्त म्हणाली, ‘देवाने दिलेली कूस. कापणारी तू कोण?’
पाचव्या दिवसाचं पाणी आलं होतं, मी घागरी भरत होते.
शेजारचा इरण्णा ओट्यावरून हसला,
‘आमच्या राजाला नेऊ नका हं तिकडं,
मर्दाचं मर्दपण घालवतात का कुठं बे!’
राजा तेव्हा आमच्याच दारात
जीभ काढून बसला होता.

सेकंडच्या चादरीत गुंडाळून रिक्षात घातली.
रिक्षावाल्याने वीस जास्त घेतले, वासाचे म्हणे.
जनावरांच्या दवाखान्यात हत्तुरे डॉक्टरीणबाई.
म्हणाल्या, आणखी दोन खेपा झाल्या असत्या तर
गर्भाशय सडलं असतं हिचं,
आचळाला गाठ लागतेय आत्ताच, हात लावून बघा.
लावला. तुरीच्या दाण्याएवढी.
मग कागद पुढे केला. ‘मालकाचं नाव?’
मी सवयीने नवऱ्याचं सांगितलं.
‘ते आलेत?’
मागावर आहेत.
‘आणलं कुणी?’
मी.
‘मग तुमचं लिहा.’

माझ्या वेळी कागद त्यांच्याकडे गेला होता.
तिसरी मुलगी झाल्यावर, सिव्हिलला,
फरशीवर ओळीने आम्ही चौदा बायका,
आणि खिडकीपाशी आमचे नवरे, पेन मागत.
मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर हो म्हणाले असते,
आधीच, दुसरीनंतरच म्हणाले असते.
आठव्या दिवशी सुपाला बसले, टाके ओढत.

कांडीलाही नाही विचारलं मी.
हे मनात आलं, तेव्हा पेन हातात होतं.
तरी लिहिलं. अनसूया म्याकल.
मराठीत, सावकाश, काना-मात्रा बघून.

शुद्धीवर आली तेव्हा पाय
सुटलेल्या सुतासारखे.
दहा दिवस जखम चाटू द्यायची नाही.
गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, चार ठिकाणी धडकायची,
अत्त तोंडाला पदर लावून हसायची.
तीच रात्री उठून तिला दूध चमच्याने पाजायची, ते वेगळं.
एके रात्री मी तिच्या पोटावरून बोट फिरवलं,
तीन बोटांचा टाका, सरळ.
आणि कुणी बघत नाही बघून
माझ्या पोटावरून.

आता जाडी झालीये.
पानांच्या कचऱ्यावर उताणी पडते,
कानाचं टोक कापलेलं, ही झालेली आहे अशी खूण.
या उन्हाळ्यात पोतं घेऊन कुणी
आमच्या बोळातून गेलं नाही.
राजा येतो, हुंगतो, जातो.
परवा तीन दिवस गायब होता,
आला तो कान फाटून, लंगडत.

काल इरण्णा ओट्यावरून उतरला,
इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला,
‘वहिनी, किती दिवस लागतात हो बरं व्हायला?’
‘कुणाला?’ मी म्हटलं,
आणि पान कापत राहिले.